पाणी मारलेला कॉलम

माझ्या वडिलांना माणसं आणि बांधकामं यांत फारसा फरक वाटत नाही. दोन्ही घाईत उभी केली की पुढे तडे जातात, असं त्यांचं मत आहे आणि ते कुणी विचारलं नसतानाही सांगतात. आमच्या नात्यातल्या एका मुलाचं लग्न वर्षाच्या आत मोडलं तेव्हा सगळे हळहळत बसले होते. बाबा म्हणाले, "साखरपुडा झाला आणि पंधरा दिवसांत लग्न. पाणी मारायला वेळ कुठे दिला?"

पाणी मारणं म्हणजे ताज्या काँक्रीटला ओलं ठेवणं. काँक्रीट वाळून घट्ट होतं असा बहुतेकांचा समज असतो. ते वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. म्हणून स्लॅब टाकला की त्यावर छोटी छोटी आळी करून पाणी तुंबवून ठेवायचं, कॉलमना गोणपाट गुंडाळून ते सकाळ-संध्याकाळ भिजवायचं आणि हे आठवडेच्या आठवडे करत राहायचं. बहुतेक साइटवर पहिले काही दिवस उत्साहाने करतात आणि मग देवावर सोडतात. बाबांनी इंजिनिअर म्हणून सगळी नोकरी साइटवर काढली आणि देवावर कधी काही सोडलं नाही. आई होती तेव्हा ती आल्यागेल्याला सांगायची, की मी तापाने फणफणले होते आणि हे स्लॅबला पाणी मारायला गेले होते. बाबांनी ते कधी नाकारलं नाही. "ताप उतरणारच होता," एवढंच म्हणायचे.

हडपसरची आमची सोसायटी त्यांनीच बांधली. म्हणजे पैसे सगळ्यांचे, नकाशा आर्किटेक्टचा, पण उभं राहून करून घेतली ती बाबांनी. तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि रात्री कोल्ह्यांचा आवाज यायचा, असं ते म्हणतात. आई म्हणायची की ती कुत्री होती. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर आमचं घर, आणि आमच्या हॉलच्या कोपऱ्यात एक कॉलम, ज्याच्यापुढे आईने कपाट ठेवलं म्हणून बाबा पुष्कळ दिवस नाराज होते. निवृत्त झाल्यावर ते रोज संध्याकाळी इमारतीला एक फेरी मारायचे. जाताना कॉलमवर किल्लीने टकटक करून कान लावायचे. नवीन भाडेकरू आले की त्यांना वाटायचं, म्हातारा भ्रमिष्ट आहे. जुने लोक सांगायचे, नाही, इंजिनिअर आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्या रस्त्यावरची एकेक इमारत हिरव्या जाळीआड जाऊ लागली. जाळी निघाली की आत बारा-पंधरा मजले उभे असायचे आणि नावात कुठेतरी 'हाइट्स' असायचं. आमच्याकडेही बिल्डरची माणसं येऊन गेली. मोठे फ्लॅट, दोन लिफ्ट, प्रत्येकाला पार्किंग. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत धोकादायक निघाली की परवानग्या भराभर मिळतात. झालं. तेव्हापासून अख्खी सोसायटी आपली इमारत धोकादायक निघावी म्हणून डोळे लावून बसली. लोक एकमेकांना आपापले तडे दाखवू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी माझ्या हाताला धरून त्यांच्या बाथरूममधला तडा दाखवला. तो टाइल्सचा होता. मी तसं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

बाबांचं म्हणणं अगदी साधं होतं. पाडायची तर पाडा, पण धोकादायक म्हणून पाडू नका. त्यांना इमारतीपेक्षाही इमारतीची अब्रू राखायची होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साइटवर त्यांनी कितीतरी इमारती उभ्या केल्या, पण शंभर टक्के आपल्या मनासारखी केलेली ही एकच. त्यांची सही तेवढी राहिली होती आणि बिल्डरला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. नंतर कटकट नको, म्हणून.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. मला इमारतच वाचवायची होती. बाबांसाठी तर होतीच, पण माझी म्हणूनही एक कळकळ होती, आणि सर्वसाधारण सभेत पाच मिनिटं मागून मी ती मांडली. म्हटलं, चुनखडी म्हणजे साठवलेला कार्बन. समुद्रातल्या शिंपल्याशंखांनी कोट्यवधी वर्षं तो थोडा थोडा घेतला आणि त्याचे थरच्या थर दगड झाले. आपण तो दगड डोंगरातून फोडतो, मातीबरोबर कोळशाच्या आचेवर भाजतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड आकाशात सोडतो आणि खाली जे उरतं त्याला सिमेंट म्हणतो. दगडातला गेला तो वेगळा, कोळशातला गेला तो वेगळा. झाडं आणि समुद्र मिळून जेवढा परत घेतात त्यापेक्षा आपण जास्त सोडतो, आणि उरलेला वर साचत जातो. निसर्गाला जो जमवायला एवढा काळ लागला, तो आपण दोन-चार पिढ्यांत मोकळा करतोय. तेव्हा चांगली उभी इमारत पाडून तिच्या जागी तिच्या कितीतरी पट सिमेंट ओतण्याआधी, डागडुजी करून आणि मागे एक लिफ्ट लावून भागेल का, ते बघावं.

मला वाटतं मी चांगलं बोलले. वर्गात एवढी शांतता मला कधी मिळालेली नाही. मग सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, विषय महत्त्वाचा आहे, दुमत नाही. आपण असं करू, नव्या इमारतीच्या टेरेसवर झाडं लावू. तुमचा कार्बन ती शोषून घेतील. आता पार्किंगकडे वळू या."

त्या दिवसापासून सोसायटीत कार्बन माझा झाला. जिन्यात भेटलं की लोक विचारायचे, "काय मॅडम, तुमचा कार्बन काय म्हणतोय?" मी म्हणायचे, वाढतोय. ते हसायचे. मला संताप यायचा, पण पुण्यात संतापाला कुणी भीक घालत नाही.

सभेहून घरी आलो तेव्हा बाबांनी चप्पल काढली आणि तिथेच उभे राहिले. मला वाटलं, शाबासकी देणार.

"तू जे बोललीस ते खरं आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळं?"

"पुस्तकात आहे बाबा. मी दरवर्षी शिकवते."

"मी आयुष्यभर सिमेंट ओतलं," ते म्हणाले. "चांगलं ओतलं. वाळू धुऊन घेतली, पाणी मारलं, कुणाला चुकवेगिरी करू दिली नाही. तू आज चारचौघांत सांगितलंस, की चांगलं ओतलं काय आणि वाईट ओतलं काय, वर जायचं ते गेलंच."

"मी नव्या सिमेंटबद्दल बोलत होते."

"जुनं सिमेंट कधीतरी नवंच होतं," असं म्हणून ते आत गेले.

मला फार वाईट वाटलं. त्यांच्या बाजूने उभं राहायला गेले आणि त्यांच्याच पायावर धोंडा टाकून आले. रात्री जेवताना ते फक्त 'मीठ' म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेही म्हणाले नाहीत, हात लांब करून घेतलं.

शेवटी मीच विषय काढला. समजूत घालायची म्हणून सांगितलं, की बाबा, काँक्रीट वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषून घेतं. कोळशाचा तर नाहीच घेत, पण दगडातून जो गेला त्यातला काही भाग घेतं आणि पुन्हा चुनखडी होतं. म्हणजे तुमच्या इमारतींनी इतकी वर्षं थोडाफार परत घेतलेला असणार.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना शिंकेला शिंक म्हणतात हे शिकवत होते.

"त्याला आम्ही कार्बोनेशन म्हणतो," ते म्हणाले. "आणि तो रोग आहे. हवा आत शिरली की काँक्रीटचा क्षार, म्हणजे तुमची ती अल्कली, जातो. तो आहे तोवर सळई सुरक्षित असते. तो गेला आणि ओल लागली की सळई गंजते, फुगते, प्लॅस्टर फोडून बाहेर येते. म्हणजे काँक्रीटने तुझा कार्बन परत घेतला तर बिल्डिंग मरते, आणि नाही घेतला तर तुझी हवा बिघडते."

"साधारण तसंच आहे."

"छान आहे तुझं शास्त्र," ते म्हणाले. पण त्यानंतर निदान बोलायला लागले.

ऑडिटला एक तरुण इंजिनिअर मुलगी आली. बरोबर ड्रिल घेतलेला मदतनीस आणि एक फवाऱ्याची बाटली. बाटलीत काय आहे ते मी लांबूनच ओळखलं. फिनॉल्फ्थॅलिन. प्रयोगशाळेत ब्युरेटखाली मुलं ज्याचे थेंब मोजतात तेच. क्षार असेल तर गुलाबी होतं, नसेल तर रंग येत नाही. काँक्रीटचा तुकडा फोडून ताज्या जखमेवर ते मारायचं. जिथे गुलाबी, तिथे काँक्रीट निरोगी. जिथे रंग नाही, तिथपर्यंत हवेने शिरकाव केला.

कुठला कॉलम तपासायचा हे सुचवायचा मान सेक्रेटरींनी स्वतःकडे घेतला आणि मुलीला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथला एक कॉलम वर्षानुवर्षं ओला होता. टाकीच्या पाइपाची गळती थेट त्याच्यावर होती, त्यावर शेवाळ धरलं होतं आणि एक पिंपळाचं रोप जोमात होतं. ही गळती काढा, असं बाबा प्रत्येक सभेत सांगत आले होते, आणि प्रत्येक सभेत सेक्रेटरी "बघू" म्हणत आले होते. तो कॉलम बघूनच कुणीही इमारत धोकादायक ठरवली असती. चहाचे पेले हातात घेऊन सगळी सोसायटी भोवती जमली. बाबा मागे उभे होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी सोडवून घेतला.

तुकडा निघाला. मुलीने फवारा मारला. क्षणात कडेपर्यंत गुलाबी, आमच्याकडे हळदीकुंकवाला नेसतात त्या साड्यांसारखा गडद गुलाबी.

"झालं!" सेक्रेटरी म्हणाले. "लाल म्हणजे डेंजर."

"नाही काका. गुलाबी म्हणजे चांगलं," मुलगी म्हणाली.

"पूर्ण गुलाबी म्हणजे?"

"पूर्ण चांगलं."

कुणीतरी म्हणालं, बाटली जुनी असेल. कुणीतरी म्हणालं, दुसऱ्या बाजूला मारून बघा. तिने मारलं, तिकडेही तेच. मग तिने समजावून सांगितलं, की हा कॉलम सतत भिजलेला राहिला. काँक्रीटमध्ये बारीक बारीक छिद्रं असतात. ती पाण्याने भरलेली असली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जाऊ शकत नाही. म्हणून इथे काहीच शिरलेलं नाही. सेक्रेटरींनी गळती काढली असती तर इतका चांगला राहिला नसता.

बाबांनी घसा खाकरला. "अहो सेक्रेटरी," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी उगाच तुमच्या मागे लागलो. तुम्ही अगदी जातीने त्याला पाणी मारत होतात."

सेक्रेटरींना हा टोमणा आहे की कौतुक ते ठरवता आलं नाही. ते "कर्तव्य आहे" म्हणाले.

पण एवढ्याने अहवाल होत नाही. आता कोरड्या जागेतला, घरातला एखादा कॉलम बघायला हवा, असं मुलगी म्हणाली. लगेच सगळ्यांना आपापला रंग आठवला. यांचं आत्ताच पेंटिंग झालेलं, त्यांच्याकडे पाहुणे. बाबा म्हणाले, "आमच्याकडे चला." मी त्यांच्या कानात म्हटलं, बाबा, घरातल्या कोरड्या कॉलममध्ये हवा जास्त आत शिरलेली निघेल, ते तुम्हाला माहीत आहे. ते म्हणाले, "मग? ओल्या कॉलमवर पास व्हायचं काय? ती कॉपी झाली."

आईचं कपाट सरकवलं. मागे भिंतीचा मूळ पिस्ता रंग निघाला. ड्रिल चालू झालं आणि आमच्या हॉलभर पांढरी पिठी पसरली. फवारा मारला. बाहेरच्या बाजूला बोटभर जाडीचा भाग तसाच राखाडी राहिला, रंगच आला नाही. त्याच्या आत मात्र गुलाबी होतं आणि सळई गुलाबी भागात होती. मुलगी वाकून बराच वेळ पट्टीने मोजत होती. बाबा खुर्चीवर बसले होते आणि खुर्चीचा हात धरून होते.

"सळईच्या जवळ आलंय," ती म्हणाली, "पण पोचलेलं नाही. गंज नाही. काका, क्युअरिंग फार चांगलं झालंय, पाणी भरपूर मारलेलं दिसतं, नाहीतर एवढ्या वर्षांत पार आत गेलं असतं."

"काय म्हणालात?" बाबांनी विचारलं. "जरा मोठ्याने सांगा. मला कमी ऐकू येतं."

बाबांना शेजारच्या बिल्डिंगमधला प्रेशर कुकर ऐकू येतो. तिने मोठ्याने सांगितलं. दारात उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. बाबांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "त्यांना पाणी दे." त्या दिवशी त्यांनी पोळीवर तूप मागून घेतलं.

अहवाल आला. इमारत धोकादायक नाही, दुरुस्ती करून पुढे पुष्कळ वर्षं वापरता येईल. सोसायटीत सुतक आल्यासारखं झालं. महिनाभर जिन्यात कुणी माझ्या कार्बनची चौकशी केली नाही. मी मनातून खूश होते. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या मजल्यावर एक काकू एकट्या राहायच्या. त्यांचा मुलगा बाहेरगावी. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. भाजी, दूध, औषधं, सगळं त्या दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर ओढून घ्यायच्या. आम्ही खालून बांधायचो, त्या वरून ओढायच्या. याची इतकी सवय झाली होती की पिशवी दिसायची, काकू दिसत नव्हत्या. अहवालानंतर महिन्याभराने एका दुपारी बाबा मला न सांगता जिना चढून त्यांच्याकडे गेले. त्यांच्या वयाला तो जिना म्हणजे गडच. तासाभराने ते खाली आले, दम लागला होता, आणि येताना सेक्रेटरींच्या दारावर थांबून सही करून आले होते.

मी भडकले. "अहो बाबा, आपण जिंकलो होतो!"

"बिल्डिंग चांगली आहे," ते म्हणाले. "जिना वाईट आहे. पायऱ्या उंच आहेत आणि वळण अरुंद. मी तेव्हाच सांगितलं होतं, पण जिना आर्किटेक्टचा होता."

"मागून लिफ्ट लावता आली असती."

"कोण लावणार? हे लोक? यांनी पाइप बदलला नाही."

मग ते खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "मी त्यांना विचारलं, लिफ्ट आली तर पहिल्यांदा कुठे जाल? म्हणाल्या, खाली. म्हटलं, खाली कुठे? म्हणाल्या, नुसतं खाली."

माझ्या सगळ्या कार्बनला काकूंचे गुडघे पुरून उरले. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. इमारतीसाठी की बाबांसाठी की मला पिशवीच्या वर कधी बघावंसं वाटलं नाही त्यासाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

बिल्डरने घरं रिकामी करायला सांगितली आणि आम्ही हडपसरजवळच्या मांजरी गावात भाड्याच्या घरात गेलो. चौथा मजला, लिफ्टसह. बाल्कनीतून एका बाजूला उसाचं एक शेत दिसतं आणि बाकी तिन्ही बाजूंना चाललेली बांधकामं. बाबांसाठी ही जागा सिनेमाच्या पहिल्या रांगेसारखी आहे. ते सकाळी खुर्ची टाकून बसतात आणि समोरच्या स्लॅबवर पाणी मारलंय का ते बघतात. नसेल तर ओरडतात. त्या साइटचा वॉचमन इथलाच, मूळ गावातला. तो खालून हात जोडतो, "मारतो की बाबा! टँकरच आला न्हाय, तर काय थुकून मारू का?" दुपारी टँकर आला की तो मुद्दाम आमच्या बाल्कनीकडे बघून पाइप उंच धरतो. दोघांचं बरं जमलं आहे.

हडपसरची इमारत पाडायला काढली तेव्हा बाबा म्हणाले, जायचं. मी रजा टाकली, रिक्षाने गेलो. ब्रेकर लावलेलं पोकलेन आमच्या स्वयंपाकघराच्या जागी चालू होतं. हॉलची पिस्ता भिंत उघडी पडली होती. मला ते बघवेना. बाबा मात्र हात मागे बांधून, साइटवर उभे राहायचे तसे उभे होते. ठरलेल्या मुदतीत काम उरकलं नव्हतं म्हणून मुकादम ऑपरेटरवर खेकसत होता. ऑपरेटर वैतागून खाली उतरला आणि बाबांनाच म्हणाला, "कुनी बांधलंय हे कुनास ठाव, आजोबा. सुटतच न्हाय."

"मी," बाबा म्हणाले.

त्याने बाबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग डिझेल तुमीच घाला आता."

स्लॅब टाकून झाला की साइटवर सगळ्यांना जिलबी वाटायची पद्धत आहे. पाडताना वाटायची पद्धत कुठेही नाही. बाबांनी मला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं आणि जिलबी वाटली. मुकादमाने दोनदा घेतली. मग बाबांनी ऑपरेटरला सांगून मागच्या ओल्या कॉलमचा नारळाएवढा एक तुकडा मागून घेतला. तो आम्ही पिशवीत घालून रिक्षात, मांडीवर घेऊन आणला. रिक्षावाल्याने विचारलं, देव आहे का? बाबा म्हणाले, नाही, कॉलम आहे. त्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

तुकडा बाल्कनीत तुळशीशेजारी ठेवला. बाबांनी माझ्याकडे फिनॉल्फ्थॅलिन मागितलं. मी बाटली आणून दिली. छिन्नीने कोपरा उडवून त्यांनी फवारा मारला. गुलाबी, टोकापर्यंत. ते दिवसभर खुशीत होते. वॉचमनवर ओरडलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "म्हणजे याने काहीच परत घेतलेलं नाही."

"काय?"

"तुझा तो. कार्बन. एवढी वर्षं हवेत उभा राहून काहीच नाही घेतलं."

"पाणी होतं ना बाबा. आत शिरायला जागा नव्हती."

"मी पाणी मारलं. नंतर त्या गाढवाने मारलं." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि तो सगळा राडारोडा?"

मी सांगितलं, की फोडल्यावर आतला भाग उघडा पडतो, त्यामुळे तुकडे उभ्या कॉलमपेक्षा लवकर घेतात. सगळं नाही, काही अंश. आता त्यात जपायची सळई नसते, तेव्हा रोगाची भीतीही नाही. बाबांनी हे दोनदा वदवून घेतलं. मी त्यांची मुलगी आहे, त्यामुळे गप्प बसणं जमत नाही, म्हणून पुढे हेही सांगितलं, की हा तुकडा वर्षभरात जेवढं परत घेईल तेवढं बहुधा आपल्या एक-दोन चहांच्या गॅसमधून बाहेर पडत असेल. ते म्हणाले, "मग दुपारचा नको करूस." चार वाजता त्यांनी स्वतःच करून घेतला.

तेव्हापासून दर काही महिन्यांनी ते त्या तुकड्याचा कोपरा छिन्नीने उडवतात आणि फवारा मारतात. आधी काही फरक दिसेना. मग एकदा कडेला दोऱ्याएवढी राखाडी रेघ राहिली. पुढच्या वेळी ती थोडी रुंद झाली. मला हाक मारून त्यांनी नखाने दाखवली. "घेतंय," म्हणाले. आयुष्यभर ज्या रेघेला ते घाबरत आले, ती रुंदावलेली बघून ते हसत होते. मी म्हटलं, हो, घेतंय.

परवा सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. तांब्यात थोडं उरलं होतं. सिमेंट दिसलं की त्यावर पाणी घालायचं, हे माझ्या हाताला लहानपणापासून लागलेलं वळण. मी तांब्या तुकड्यावर वाकडा केला.

"पाणी नको!"

बाबा खुर्चीतून उठत होते. पोटतिडकीने ते जे वाक्य आयुष्यात कधी म्हणाले नव्हते, ते म्हणत होते. समोरच्या साइटवरचा वॉचमन पाइप हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिला. बाबा भिंतीला धरून आले, खांद्यावरचा पंचा काढला आणि खाली बसून तो तुकडा सगळ्या बाजूंनी पुसून कोरडा केला.

"त्याला घेऊ दे आता," ते म्हणाले, आणि उन्हात सरकवून ठेवला.